झब्बूचं लुगडं

आमच्या घरात मीठ आणि झब्बू यांच्याशिवाय एक दिवस जात नाही. झब्बू हा मूळचा पत्त्यांचा डाव. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, तो आम्हा सगळ्यांना शिकवला. पत्ते सारखे वाटून टाकायचे. एकानं बदाम टाकला की बाकीच्यांनी बदामच टाकायचा. ज्याच्याकडं बदाम नसेल त्यानं भलतंच पान टाकून झब्बू द्यायचा, आणि पडलेल्यांत ज्याचा बदाम सगळ्यात मोठा असेल त्यानं तो सगळा ढीग निमूट उचलायचा. ज्याचा हात रिकामा झाला तो सुटला, शेवटी ज्याच्या हातात पानं उरली तो हरला. आपल्याला नको ते दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं, एवढंच या डावाचं शहाणपण.

इतका उपयोगाचा शब्द नुसत्या पत्त्यांत कसा राहील? मी अणदूरच्या एका शाळेत मास्तर आहे. जनगणना, मतदार याद्या, संडासांची मोजणी असं काही वरून आलं की हेडमास्तर माझं नाव सुचवतात आणि मागून कुणीतरी हळूच म्हणतं, "उमाशंकर सर, झब्बू." ज्यांना कुठल्याच शाळेनं फार दिवस ठेवून घेतलं नाही, अशा एका गुरुजींचं तर नावच झब्बू पडलंय. माझी मोटारसायकलही झब्बूच. थोरल्या मेव्हण्यानं ती धाकट्याला दिली, धाकट्यानं मला, आणि माझ्याकडून घ्यायला अजून कुणी जन्मलेलं नाही. अव्वा तर सर्दीतापालाही झब्बू म्हणते. अंगातली कणकण गेली की सांगते, "आज बरं हाय. शेजारच्या वीरप्पाला दिला वाटतं झब्बू." आणि खरंच वीरप्पा शिंकत असतो.

पण आमच्याकडं या शब्दाचा सगळ्यात पक्का अर्थ कपाटाच्या खालच्या खणात राहतो. तिथं झब्बूचं गाठोडं आहे. लग्न, बारसं, वास्तुशांत, कुठंही गेलं की आहेरात टॉवेल-टोपी मिळते, बाईमाणसाला साडी आणि झंपरपीस मिळतो. तो टॉवेल अंग पुसायचा नसतो आणि ती साडी नेसायची नसते. घडी न मोडता घरी आणायची, गाठोड्यात ठेवायची आणि पुढच्या कार्यात दुसऱ्याला द्यायची. तोही पुढं तेच करतो. एकदा कोपऱ्यावर हळदीचा डाग असलेला टॉवेल मी नळदुर्गला एका लग्नात दिला होता. काही वर्षांनी तोच टॉवेल दुसऱ्या एका लग्नात माझ्या खांद्यावर आला. जुना विद्यार्थी भेटावा तसं मी त्याला ओळखलं. त्याला एकदासुद्धा पाणी लागलेलं नव्हतं.

या व्यवहाराचा एक कडक नियम आहे. दिलेल्या आहेराची चौकशी करायची नाही. आणि कुणी केलीच, तर समोरच्यानं म्हणायचं, "नेसले की मी ती, लई छान व्हती." दोघांनाही खरं काय ते माहीत असतं आणि दोघंही मान डोलावतात. मला हा नियम मोडावा लागला, आणि माझ्यासारख्या दमलेल्या माणसानं तरी ते करू नये.

झालं असं, की पावसाळा संपता संपता अव्वाच्या पायांवर सूज आली. सोलापूरला दाखवलं. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं गोल गोल सांगितलं नाही. म्हणाला, हृदय थकलंय, घरी न्या, मीठ कमी करा आणि त्यांना काय हवं नको ते बघा. अव्वाला आम्ही काही बोललो नाही. तिनंही विचारलं नाही. गाडीत बसल्यावर फक्त म्हणाली, "तम्माचा फोन आला व्हता का?" तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. तिचा तम्मा, म्हणजे महांतप्पामामा, कर्नाटकात आळंदजवळच्या खेड्यात राहतात. अव्वा हे रोजच विचारायची, म्हणून मीही रोजच्यासारखं "न्हाय" म्हणालो.

घरी आल्यावर बायकोनं, भुवनेश्वरीनं, अव्वाची पत्र्याची पेटी उघडली. आतल्या लुगड्याला ऊन दाखवून ठेवावं असं तिच्या मनात होतं. ते लुगडं साधं नव्हतं. आमच्यात बाईला मातीला नेताना तिच्या अंगाला लागतं ते लुगडं माहेरचं असावं लागतं. सासरच्यांनी कितीही भारी आणलं तरी ते वरून. आतलं भावानं आणलेलंच हवं. मागं एकदा उन्हाळ्यात महांतप्पामामा स्वतः आले आणि ते लुगडं देऊन गेले. जांभळं इरकल, लाल पदराचं, प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवीवर दुकानाचं नाव कानडीत होतं. मामा म्हणाले, "अक्का, माझे गुडघे आता साथ देत न्हाईत. येळ सांगून येत न्हाय. त्या वक्ताला मला यायला जमंल न जमंल. आपलं आधीच दिऊन ठिवतो." अव्वानं पिशवी पेटीत ठेवली आणि म्हणाली, "च्या घे." मला मामांचं कौतुक वाटलं होतं. मी तसं बोलूनही दाखवलं, की माणसानं असं आधी बघून ठेवावं.

"अहो, इकडं या," भुवनेश्वरीनं आतून हाक मारली. आवाज इतका बारीक होता की मी चप्पल न काढताच आत गेलो. पेटी उघडी, कपडे बाहेर आणि ती जमिनीवर बसलेली. "लुगडं न्हाय."

आम्ही सगळं घर पालथं घातलं. मग तिला आठवलं आणि तिचा चेहरा उतरला. गेल्या वर्षी कळंबला तिच्या मामेबहिणीची, प्रेमाबाईची, वास्तुशांत होती. निघायची घाई होती. तिनं झब्बूचं गाठोडं सोडलं, तर वरच कानडी अक्षरांची पिशवी होती. आळंदकडच्या कुठल्यातरी लग्नातून आली असेल असं समजून तिनं ती उचलली आणि प्रेमाबाईच्या हातात ठेवली. आता तिला वाटत होतं, कधीतरी पेटी आवरताना आपणच ती पिशवी चुकून गाठोड्यात टाकली असणार.

मी तिला बोललो. काय बोललो ते लिहायची लाज वाटते. अव्वा बाहेरच्या खोलीत बाजेवर होती म्हणून दबक्या आवाजात बोललो, आणि दबक्या आवाजातलं बोलणं जास्त लागतं. ती पदरानं डोळे पुसून म्हणाली, "आत्याला कळायच्या आत घेऊन या. मी पाया पडते तुमच्या." मामांकडून दुसरं मागवावं असं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं आणि दोघांनीही ते तोंडावर आणलं नाही. भावानं दिलेलं लुगडं वाटून टाकलं हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

शाळेत रजा टाकली, अव्वाला कळंबला काम आहे म्हणून सांगितलं. झब्बूवर एवढ्या लांब जायची हिंमत नव्हती, म्हणून एसटीनं निघालो. तुळजापूर, तिथून धाराशिव, येडशी, कळंब. गाडीवर धाराशिव लिहिलेलं असतं आणि कंडक्टर अजून "उस्मानाबाद, उस्मानाबाद" ओरडतो. खिडकीतून सोयाबीनची काढलेली रानं दिसत होती. मला त्या रानांकडं बघायचाही कंटाळा आला होता. पोरांच्या परीक्षा, अव्वाचं औषध, वरून आलेली कामं, आणि आता कुणाच्या तरी घरी जाऊन दिलेला आहेर परत मागायचा. सगळं आयुष्य पडलेला ढीग उचलण्यात गेलं, असं मनात आलं आणि तसाच डोळा लागला.

प्रेमाबाईच्या नव्या घराला अजून रंगाचा वास होता. तिचे यजमान बंडप्पा यांची कळंबच्या बाजारात अडत आहे. मी गेलो तेव्हा ते जेवत होते आणि फोनवर कुणाला तरी ओरडत होते, "ते पोतं मला परत पाठवू नको, सांगून ठिवतो." भिजक्या तुरीचं एक पोतं म्हणे चार अडत्यांकडं फिरून परत यांच्याच दारात आलं होतं. फोन ठेवून मला म्हणाले, "मास्तर, बाजारात त्याला झब्बू पोतं म्हणतात. तुमच्याकडं काय म्हणतात?" मी म्हणालो, तेच म्हणतात.

प्रेमाबाईनं चहा दिला. मी आडून आडून वास्तुशांतीवर आलो, तिथून आहेरावर, तिथून जांभळ्या इरकलीवर.

"अगबाई, ती व्हय?" ती लगेच म्हणाली. "नेसले की मी. पंचमीला नेसले. लई छान हाय. भुवनीची निवड चांगली हाय बघा."

"जरा दाखवता का?"

"धुवायला टाकलीया."

बंडप्पा ताटातून वर बघेनात. मग मात्र मी नियम मोडला. अव्वाला काय झालंय, ते लुगडं कुणी आणि कशासाठी दिलं होतं, सगळं सांगितलं. प्रेमाबाईचा हात तोंडावर गेला. नव्या घरात मेलेल्या माणसासाठीचं लुगडं आहेर म्हणून आलं होतं, हेही तिच्या लक्षात आलं असणार. पण ती बाई मनानं वाईट नाही. तिनं तो विषय काढलाच नाही. हळू आवाजात म्हणाली, "भावजी, खोटं बोलले. मी घडीसुदिक मोडली न्हवती. तात्यारावांच्या पोराच्या, प्रसेनजितच्या लग्नात दिली."

तात्याराव एसटीतून निवृत्त झालेले गृहस्थ, दोन गल्ल्या पलीकडं राहायला. त्यांचं घर नीटनेटकं, दर्शनी भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धाची तसबीर. तात्याराव घरी नव्हते. त्यांची सून पौर्णिमाताई अंगणवाडीतून नुकतीच आली होती. मी सुरुवातीलाच सगळं खरं सांगून टाकलं. खोट्याची प्रस्तावना करायचं त्राण उरलं नव्हतं.

"आम्ही पत्रिकेतच छापलं होतं, आहेर घेणार न्हाय म्हणून," पौर्णिमाताई म्हणाली. "पण प्रेमाबाई ऐकतात होय? पिशवी खुर्चीवर ठेवली आणि गेल्या. आमच्याकडं ते झब्बू-बिब्बू चालत न्हाय. नको असलेली वस्तू दुसऱ्याला देऊन वर मानपान कशाला? माझे सासरे म्हणाले, परत करून माणसं दुखवू नका, मी मथुराला नेतो. मथुराआत्या म्हणजे त्यांची बहीण. तेरला असते. स्वतः जाऊन देऊन आले." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही जा सर. पण आत्याला सांगताना सांभाळून सांगा."

तेरला पोचायला दुपार कलली. नदीकडच्या आळीत मथुराबाईंचं घर कुणीही दाखवलं असतं. दारात एक काळी शेळी बांधलेली होती आणि उंबऱ्याच्या आत सत्तरीच्या पुढची बारकी बाई लसूण सोलत बसली होती. अंगावर जांभळं इरकल, लाल पदर. पदराचं टोक तिनं कमरेला खोचलेलं होतं. बऱ्याच धुण्यांनी लुगड्याचा रंग थोडा उतरला होता. खुंटीला कानडी अक्षरांची पिशवी टांगलेली होती आणि तिच्यात लसणाच्या गड्ड्या होत्या.

मी दारातच उभा राहिलो. वर्षभर एवढ्या हातांतून गेलेलं ते लुगडं शेवटी एका बाईनं नेसलं होतं.

"कोण पाहिजे, दादा?"

"तात्यारावांच्या ओळखीचा हाय. इकडं आलो होतो, म्हणलं भेटून जावं." हे खोटं माझ्या तोंडून आपोआप निघालं.

तात्यारावांचं नाव ऐकल्यावर बाईनं लसणाची सुपली बाजूला सारली. पाणी दिलं, चुलीवर चहा ठेवला. शेळी माझी पिशवी चाटायला लागली तर म्हणाली, "झब्बू, सर माघारी." मी चमकलो. ती हसली. "नातवानं ठिवलंय नाव. बाजारात इकली की गिऱ्हाईक चार दिसांनी परत आणून बांधतंय. लई वरडती म्हणत्यात. आता इकायचंच सोडलं."

चहा पिता पिता मी म्हणालो, "लुगडं छान हाय, मावशी."

"तात्यानं आणलं." तिनं पदर हातात घेऊन बघितला. "पोराच्या लग्नातून आलेलं हाय म्हणला, खरं बोलतंय ते. म्या म्हणलं, कुठनं का आलं आसंना. तू आला न्हवं? दोन दिस राहिला. हितलं पाणी जड हाय म्हणला, भाकरी जाड हाय म्हणला. जाताना दाराची कडी बसवून गेला. बघा." मी बघितलं. नवी कडी होती, जरा तिरकी बसवलेली. "लुगडं नसतं आणलं तर काय मी दार लावून घेतलं असतं व्हय? पण भाऊ लोकास्नी हातात कायतरी लागतंय, त्याबिगर पाय उचलत न्हाईत."

तिच्याकडून ते लुगडं मागणं मला जमलं नाही. मागितलं असतं तर तिनं दिलंही असतं, त्याच पावली आत जाऊन बदलून, घडी घालून. म्हणूनच जमलं नाही. आणि धुतलेलं, नेसलेलं लुगडं अव्वाच्या अंगावर कसं घालायचं? मी निरोप घेतला. तिनं कागदात बांधून लसूण दिला. तो मी नको म्हणालो नाही.

धाराशिवच्या स्टँडवर पुढच्या गाडीला वेळ होता. समोर साड्यांची दुकानं होती. एका दुकानात जांभळं इरकल काचेतच लावलेलं होतं, हुबेहूब तसंच. अव्वाची नजर आता अधू आहे. तिला कळलं नसतं. मी आत जाऊन पदर हातात धरला आणि परत ठेवला. लुगडं तेच असतं, पण ते पोरानं आणलेलं असतं. अव्वाला कळो न कळो, तिला मातीत ठेवताना मला कळलं असतं. रिकाम्या हातानं घरी आलो. भुवनेश्वरीनं माझ्याकडं बघितलं आणि पाणी आणून दिलं. रात्री मी तिला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अव्वाला तरतरी आली. म्हणाली, पत्ते आणा. बाजेवर ती, खाली सतरंजीवर आम्ही दोघं. अव्वा पानं अगदी डोळ्यांजवळ नेऊन बघत होती आणि तरीही आम्हा दोघांना धुऊन काढत होती. माझं लक्षच नव्हतं. ढीग उचलून उचलून माझ्या हातात पानं मावेनात.

"काल कळंबला कशाला गेला व्हतास?" तिनं पान टाकत विचारलं.

"कामाला."

"शाळेचं काम तुळजापूरला असतंय. कळंबला काय?"

मी हातातली पानं लावायला घेतली. भुवनेश्वरीला ते सोसलं नाही. तिच्या हातातली पानं सतरंजीवर पडली. "आत्या, माझ्याकडून लई मोठी चूक झाली," ती म्हणाली आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. पिशवी, गाठोडं, प्रेमाबाई, तेरची मथुराबाई. शेवटी म्हणाली, "तुमचं माहेरचं लुगडं मी घालवलं. मला काय शिक्षा द्यायची ती द्या."

अव्वानं आपली पानं पालथी ठेवली. "तुझा काय गुन्हा त्यात? गाठोड्यात म्याच ठिवलं व्हतं. वरच ठिवलं, तुझ्या हाताला लागावं म्हणून."

भुवनेश्वरीचं रडणं थांबलं.

"तम्मानं मला झब्बू दिला," अव्वा म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "मी त्याला कडंवर वागवलाय. आई गेली तवा त्यो रांगत व्हता. त्यो म्हणतो, आधीच दिऊन ठिवतो. म्हंजी काय? म्हंजी माझं काम झालं, आता मला बोलवू नगंस. त्या दिसापासनं आलाय का एकदा तरी? आपणहून फोनबी न्हाय त्याचा. लुगडं पेटीत हाय म्हणल्यावर त्यो मातीलाबी यायचा न्हाय. म्हणंल, माझं देऊन झालंय."

"मग अव्वा, वाटून टाकून काय झालं?"

"लुगडं न्हाय म्हणल्यावर त्याला यावं लागंल." पाढे न येणाऱ्या पोराकडं मी बघतो तसं तिनं माझ्याकडं बघितलं. "माहेरच्या लुगड्याबिगर मला उचलशील का तू?"

मला राग आला. बायकोला मी काय काय बोललो ते आठवलं. कळंब, तेर, बंडप्पापुढं मान खाली घालून बसणं, सगळं आठवलं. "हे आधी सांगितलं असतंस तर?" मी म्हणालो.

"आपणहून येतोय का बघत व्हते," अव्वा म्हणाली. "बहिणीनं कसं म्हणायचं, मला बघायला ये म्हणून?"

मामांच्या दूरदृष्टीचं मीच कौतुक केलं होतं, तेही तिच्या देखत. ती रोज तम्माच्या फोनचं विचारायची आणि मी रोज न्हाय म्हणून मोकळा व्हायचो. एवढी वर्षं शाळेत शिकवतोय, पण समोरचं माणूस काय विचारतंय ते मला कळलं नाही. भुवनेश्वरी उठली आणि अव्वाच्या पायांजवळ बसून सुजलेले तळवे दाबू लागली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. मी म्हणालो, "चुकलं माझं." ती म्हणाली, "फोन लावा आधी."

महांतप्पामामांच्या पोरानं उचलला, मग मामा आले. मी सांगितलं, "मामा, अव्वाची तब्येत बरी न्हाय. आणि तुम्ही दिलेलं लुगडं घरात न्हाय. आहेरात दिलं गेलं."

मामा भडकले. "येवढं एक जपता येईना तुमाला? वस्तू हाय का काय ती?"

"चूक झाली, मामा. पण आता लुगडं तुमच्याकडूनच यायला पाहिजे."

मग मामांनी विचारलं, "अक्का बोलतीया का?"

"बोलतीया. पत्ते खेळतीया."

"येतो म्हणावं."

ते दुसऱ्याच दिवशी आले, पोराच्या गाडीवर मागं बसून, हातात काठी आणि काखेत पिशवी. गाडीवरून उतरताना दोघांनी धरावं लागलं. गुडघ्यांचं खोटं नव्हतं. अव्वानं भुवनेश्वरीकडून केस विंचरून घेतले होते, कपाळाला विभूती लावली होती. "बा तम्मा, ये," ती म्हणाली, आणि मामा दारातच रडायला लागले. अव्वा रडली नाही. तिनं त्यांना बाजेवर आपल्या शेजारी बसवलं आणि आधी दातांचं विचारलं. मग विहिरीचं, बांधावरच्या चिंचेचं, कुणाची सून कशी आहे, कोण कोण गेलं. दोघं कधी कानडीत, कधी मराठीत बोलत होती. मध्येच मामा हसले. किती वर्षांनी मी त्यांना हसताना बघत होतो कोण जाणे. जेवताना त्यांनी आमटी अळणी आहे म्हणून कुरकुर केली. अव्वा म्हणाली, "माझ्यामुळं हाय. खा गप."

ऊन खाली आलं तसा पोरगा गाडीपाशी घुटमळायला लागला. मामा काठी टेकून उठले. त्यांनी पिशवी उघडून लुगडं बाहेर काढलं. या खेपेला हिरवं होतं, हातमागाचं, आधीच्यापेक्षा भारी. ते त्यांनी अव्वाच्या उशाला ठेवलं आणि तिच्या पायांवर डोकं टेकवलं.

अव्वानं लुगड्यावरून हात फिरवला. काठ चाचपून बघितला. मग ते उचलून मामांच्या हातात दिलं.

"हे घिऊन जा," ती म्हणाली. "तुझ्याजवळच ठिव. लागंल तवा घिऊन ये."

मामा गोंधळले. "आगं अक्का, मग मला परत यावं लागंल की."

"व्हय," अव्वा म्हणाली.

पोरानं गाडीचा हॉर्न वाजवला. मामांनी त्याला हातानंच थांब म्हणून खूण केली आणि लुगडं मांडीवर घेऊन ते परत बाजेवर बसले.